रजोनिवृत्तीतील त्वचाबदल

सलग 12 महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे मानतात. बहुतेक स्त्रियांमध्ये ती 45 ते 55 या वयात येते. त्याच सुमारास त्वचा कोरडी, पातळ आणि सैल होऊ लागते, तिचा तजेला ओसरतो. याचे खापर सरसकट वयावर फोडले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. त्वचेला घट्टपणा देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाची घट वयापेक्षा पाळी थांबून किती वर्षे झाली याच्याशी अधिक जुळते. पहिल्या 5 वर्षांत सुमारे 30 टक्के कोलॅजेन कमी होते. पुढे हा वेग मंदावून वर्षाला साधारण 2 टक्क्यांवर येतो.

यामागे मुख्यतः इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची घट असते. कोलॅजेन बनवणाऱ्या पेशी या संप्रेरकाला प्रतिसाद देतात आणि पाणी धरून ठेवणारे हायलुरोनिक आम्लही त्याच्याच आधाराने टिकते.

तजेला हा मात्र बराचसा प्रकाशाचा खेळ आहे. नितळ, ओलसर त्वचेवरून प्रकाश एकसारखा परततो. तरुणपणी साधारण महिनाभरात नवी होणारी बाह्यत्वचा आता जास्त दिवस घेते. मृत पेशी वर साचतात, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि प्रकाश विखुरतो. त्यात तैलग्रंथींचा स्राव घटतो, सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील प्रवाह मंदावल्याने लाली फिकी पडते, शिवाय जुन्या उन्हाचे डाग उठून दिसतात. झोप पुरेशी झाली तरी चेहरा थकलेला वाटतो तो यामुळे. काहींना खाजही सुटते. कोरड्या त्वचेवर मुरुमे आणि हनुवटीवर राठ केस येणे विसंगत वाटते खरे. पण इस्ट्रोजेन घटल्यावर पुरुषी संप्रेरकांचा प्रभाव तुलनेने वाढतो.

रोजचे सनस्क्रीन, ग्लिसरीन किंवा सिरामाइड (त्वचेतील ओल राखणारा स्निग्ध घटक) असलेले मॉइश्चरायझर आणि सोसत असल्यास रात्री रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या गटातील मलम, एवढ्याने बराच फरक पडतो. धूम्रपानाने सुरकुत्या वाढतात आणि रजोनिवृत्तीही लवकर येते. संप्रेरक उपचारांनी कोलॅजेन वाढल्याचे अभ्यासांत आढळले असले, तरी केवळ त्वचेसाठी ते दिले जात नाहीत. कोलॅजेनच्या पावडरींचा गाजावाजा पुराव्यापेक्षा मोठा आहे. पोटात गेलेले कोलॅजेन पचनात तुटते, ते थेट गालावर पोहोचत नाही. कोरडेपणासोबत केस गळत असतील, वजन वाढत असेल किंवा सतत थकवा असेल, तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.