एकाच वेतातली पिल्लं वेगळी का निघतात?

नाशिकमध्ये कुणी कुत्रं पाळायचं ठरवलं की पहिला प्रश्न जातीचा. लॅब्रॅडॉर म्हणजे प्रेमळ, जर्मन शेफर्ड म्हणजे राखणदार, आणि गावठी म्हणजे भरवसा नाही. विकणारेही हेच सांगतात आणि घेणारा त्याचेच पैसे मोजतो. प्रत्येक कुत्र्याला स्वतःचा असा काही स्वभाव असू शकतो, हे या सगळ्यात कुणी विचारातच घेत नाही.

२०२२ साली एलिनॉर कार्लसन, कॅथलीन मॉरिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात यावर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावल्या भरल्या, २,१५५ कुत्र्यांचा डीएनए वाचला गेला. कुत्र्याकुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीमुळे असल्याचं निघालं. सांगितलेलं ऐकण्याकडे कल किती, यात जात थोडीफार बोलते. कुत्रं किती पटकन बिथरतं, याच्याशी मात्र तिचा जवळजवळ संबंध नाही. आणि आपण नेमके त्याच कारणासाठी जात बघतो!

मग स्वभाव म्हणजे मालकाच्या मनाचे खेळ का? तेही नाही. मानसशास्त्रज्ञ सॅम गॉसलिंग यांनी २००३ मध्येच हे तपासलं होतं. मालकाने आपल्या कुत्र्याचं केलेलं वर्णन आणि त्या कुत्र्याला पहिल्यांदाच पाहणाऱ्या परक्या निरीक्षकांनी दिलेले गुण बऱ्यापैकी जुळले, माणसांच्या बाबतीत जुळतात तितकेच.

गंगापूर रोडवरच्या एका चहाच्या टपरीमागे थंडीत चार पिल्लं होती. पातेल्याचं झाकण फरशीवर पडलं, तेव्हा एक गाड्याखाली घुसलं ते बाहेरच येईना. दुसरं दचकलं, थांबलं आणि झाकण हुंगायला आलं. उरलेली दोघं जागची हलली नाहीत. आई तीच, जागा तीच, आवाजही तोच.

फरकाचा काही भाग जनुकांचा, कारण सख्ख्या भावंडांनाही आईबापाकडून वेगवेगळा वाटा मिळतो. पण मला सर्वांत विलक्षण वाटते ती आईच्या चाटण्याची गोष्ट. ती उलगडली उंदरांवर, माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांच्या प्रयोगशाळेत. काही उंदीरमाता पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. भरपूर चाटून घेतलेली पिल्लं मोठेपणी कमी घाबरतात. कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं जास्त चाटणारीकडे दिली, तर तीही शांत होतात. म्हणजे हे नुसतं रक्तातून आलेलं नाही.

आत घडतं ते असं. चाटण्याच्या स्पर्शाने पिल्लाच्या मेंदूत सेरोटोनिन हे रसायन वाढतं. त्यातून सुरू होणारी रासायनिक साखळी हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातल्या एका जनुकापर्यंत पोचते. हे जनुक ताणाचं संप्रेरक ओळखणारे रिसेप्टर बनवतं. त्याच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट, म्हणजे छोटे रासायनिक तुकडे, चिकटलेले असले, तर ते फारसं वाचलं जात नाही. जास्त चाटलेल्या पिल्लांत, जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातच, हे गट कमी होतात. जनुकाची अक्षरं तीच राहतात, वाचन वाढतं आणि रिसेप्टर वाढतात. पाण्याच्या टाकीतला फ्लोट पातळी चढली की नळ बंद करतो, तसंच हे रिसेप्टर रक्तात ताणाचं संप्रेरक वाढलं की ताणाची यंत्रणा सुरू करणाऱ्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागाला ‘पुरे’ म्हणतात. रिसेप्टर कमी, तर ‘पुरे’ म्हणायला उशीर होतो आणि भीती रेंगाळते.

कुत्र्यांत मात्र याचा सरळ हिशेब लागत नाही. संशोधक एमिली ब्रे यांनी २०१७ मध्ये अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या पैदास केंद्रात २३ आया आणि त्यांची ९८ पिल्लं पाहिली. आईने जास्त जपलेली पिल्लं पुढे प्रशिक्षणात जास्त नापास झाली! थोडी झळ सोसलेली पिल्लं अडचण आली की लवकर सावरत असावीत. शिवाय तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंतचा काळ फार नाजूक. तेव्हा माणसाशी गाठच पडली नाही, तर पुढे माणसाची भीती जाता जात नाही.

शनिवारी काळं कुत्रं शोधून त्याला तेल लावलेली पोळी घालणारे पुष्कळ दिसतात. पोळी जरूर घाला. पण काळा रंग हा केसातल्या रंगद्रव्याचा मामला आहे, त्यात शनी कुठेच नाही. रात्री रडणारं कुत्रंही यमदूत पाहत नसतं, ते लांबच्या सोबत्यांना साद घालत असतं. त्याला दगड मारणं हा शुद्ध अन्याय आहे.

आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट करतो. अनोळखी माणसाने बोटाने भांडं दाखवलं, तर कधीही न शिकवलेली ही कुत्री काय करतात, हे त्यांनी पाहिलं. सुमारे निम्मी जवळच आली नाहीत. जी आली, त्यांतल्या बहुतेकांनी बरोबर भांडं ओळखलं. न येणारी अनेक घाबरलेली, बावरलेली होती. म्हणजे इशारा कळणं वेगळं आणि जवळ जाण्याचं धाडस वेगळं.

पिल्लाच्या वागण्यावरून मोठेपणीचा स्वभाव सांगणं तसं कच्चंच असतं. वाढलेल्या कुत्र्यात तो बराच स्थिर होतो. म्हणून घरात लहान मूल असेल, तर दोन-तीन वर्षांचं गावठी कुत्रं दत्तक घेण्याआधी काही दिवस त्याच्या गल्लीत जाऊन बघता येतं: फटाक्याला ते काय करतं, सायकलमागे धावतं का, पोरांच्या गलक्यात झोपू शकतं का.