धात्री वनस्पती आणि वाळवंटी निवडुंग

वाळवंटातील अनेक निवडुंगांची रोपे उघड्या जमिनीपेक्षा एखाद्या झाडाच्या वा झुडपाच्या आडोशाला अधिक संख्येने तग धरतात; असा आसरा देणाऱ्या झाडाला धात्री वनस्पती म्हणतात. याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ॲरिझोना आणि मेक्सिकोतील सोनोरा या राज्यांत पसरलेल्या सोनोरन वाळवंटातील सग्वारो हा खांबासारखा उंच वाढणारा निवडुंग. पालो व्हर्दे, आयर्नवुड आणि मेस्कीट ही शेंगा धरणारी झाडे त्याच्या नेहमीच्या धात्री होत.

सग्वारोच्या एका फळात सुमारे २,००० बारीक काळ्या बिया असतात. फळे खाऊन फांदीवर विसावलेल्या पक्ष्यांच्या विष्ठेतून त्यांतील काही थेट झाडाखाली पडतात, त्यामुळे सावलीतील रोपांच्या गर्दीला काही अंशी पक्षीही कारण असतात. मात्र खरी कसोटी लागते ती उन्हाळी पावसात बी रुजल्यानंतर. पहिल्या आठ वर्षांत रोप जेमतेम २.५ ते ४ सेंमी. वाढते, एवढ्याशा हिरव्या गोळ्यात पाण्याचा साठा तो किती असणार, आणि उघडी जमीन तर उन्हाळ्यात ६०° से.च्याही वर तापते. धात्रीची पालवी दिवसा हे ऊन अडवते, हिवाळ्यातील निरभ्र रात्री जमिनीची ऊब झपाट्याने निघून जाऊ देत नाही, आणि तिच्या काटेरी फांद्यांत दडलेले रोप सशा-उंदरांच्या सहज नजरेस पडत नाही. पालापाचोळ्याने माती कसदार होते हेही खरे. तरी मेक्सिकोतील तेवाकान खोऱ्यात निवडुंग आणि मिमोसा नावाचे झुडूप यांच्या सहवासाचा जो अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मुख्य कारण सावली हेच आढळले.

‘धात्री’ हे नाव मात्र थोडे फसवे आहे, कारण या सहवासात झाडाच्या पदरात फारसे काही पडत नाही. सग्वारोची मुळे उथळ व दूरवर पसरलेली असतात आणि मोठा झाल्यावर तो पावसाचे पाणी वरच्या थरातच शोषून घेतो. त्यामुळे लगतच्या पालो व्हर्देच्या फांद्या वाळू लागतात. पूर्ण वाढलेल्या सग्वारोच्या बुंध्याशी धात्रीचा वठलेला सांगाडा दिसतो तो बहुधा यामुळेच, आणि पुष्कळदा तर तोही उरलेला नसतो.

सरपणासाठी झाडे तोडली गेली किंवा गुरांनी झुडपे तुडवली, तर उभ्या सग्वारोंना लगेच काही होत नाही. ते दीडशे वर्षांहून अधिक जगू शकतात, पस्तिशीच्या सुमारास फुलू लागतात आणि दरवर्षी फळे धरत राहतात. फक्त त्यांच्या आसपास गुडघाभर उंचीचा निवडुंग दिसेनासा होतो.