बिअरमध्ये केळं येतं कुठून?

“यात केळ्याचा इसेन्स टाकलाय, दुसरं काय!” गव्हाच्या बिअरचा पहिला घोट घेतला की टेबलावरचा कुणीतरी हे म्हणतोच. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक, डूलाली, २००९ मध्ये पुण्यात निघाली. त्यानंतर शहरात अशा ब्रुअरी वाढत गेल्या, जर्मन धाटणीची हेफेवाइत्सेन, म्हणजे यीस्ट न गाळलेली गव्हाची बिअर, सहज मिळू लागली, पण इसेन्सचा संशय काही फिटला नाही.

आमच्या बाणेरमधल्या एका छोट्या ब्रुअरीने नुकतीच थोड्या दिवसांपुरती एक जोडी काढली होती. गव्हाचं आणि बार्लीचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) निम्मं-निम्मं घेऊन एकाच वेळी शिजवलेला रस दोन टाक्यांत वाटला आणि दोन्हींत एकच यीस्ट सोडलं. एक टाकी १७ अंश सेल्सिअसवर ठेवली, दुसरी २३ वर. ग्लास शेजारी ठेवले तर रंगात फरक नाही. दोन्ही गढूळ सोनेरी, फेस दाट. पण १७ अंशांच्या ग्लासाला नाक लावलं की आधी लवंग, मग ताज्या पावाचा वास, आणि केळं अगदी पुसट. दुसऱ्या ग्लासातून पिकलेल्या वेलची केळ्यांचा घमघमाट फेस बसायच्या आतच वर आला. बिअर बनवणाऱ्या मुलाला विचारलं तर म्हणाला, “घातलं काहीच नाही वेगळं. फक्त तापमान.”

हे केळं यीस्ट बनवतं, आणि तेही फक्त साखरेपासून नव्हे, प्रथिनांच्या तुकड्यांपासूनही. दहावीत आपण शिकलो की अल्कोहोल आणि कार्बनी आम्ल एकत्र आले की गोड वासाचं एस्टर तयार होतं. यीस्टची पेशी तेच करते, पण आपल्या पद्धतीने. रसातलं ल्युसीन नावाचं अमिनो आम्ल ती आत घेते, त्यातला नायट्रोजन स्वतःच्या वाढीसाठी काढून घेते आणि उरलेल्या सांगाड्याचं आयसोअमाइल अल्कोहोल करते. हा मार्ग जर्मन रसायनशास्त्रज्ञ फेलिक्स एर्लिश यांनी १९०७ मध्ये मांडला. मग एटीएफ-१ या जनुकापासून बनणारं एन्झाइम त्या अल्कोहोलला पेशीतल्या ॲसिटाइल को-एन्झाइम ए या रेणूकडून मिळालेला ॲसिटाइल गट जोडतं. तयार झालं आयसोअमाइल ॲसिटेट हे एस्टर. पिकलेल्या केळ्याच्या वासातला मुख्य रेणू हाच. तो लहान आणि मेदात विरघळणारा असल्यामुळे पेशीच्या पटलातून सहज बाहेर पडतो. लिटरभर बिअरमध्ये एक-दीड मिलिग्रॅम असला तरी नाकाला कळतो.

तापमान वाढलं की अल्कोहोलही जास्त बनतं आणि एन्झाइमही जोरात चालतं. याउलट ऑक्सिजन आणि असंतृप्त मेदाम्लं भरपूर असली की एटीएफ-१ जनुक दबून राहतं. दाबाचाही परिणाम होतो: मोठ्या कारखान्यांच्या उंच टाक्यांत तळाशी विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जास्त असतो आणि एस्टर कमी बनतात. गल्लीतल्या ब्रुअरीच्या बुटक्या टाक्या इथे बाजी मारतात.

पण यीस्टने हा खटाटोप करावाच का? मला सगळ्यात आवडतं ते याचं उत्तर. बेल्जियममधल्या लूव्हेनचे यीस्ट-संशोधक केव्हिन फेरस्ट्रेपेन विद्यार्थी असताना सुट्टीनंतर प्रयोगशाळेत आले, तर शेजारच्या प्रयोगशाळेतून सुटलेली चिलटं त्यांच्या यीस्टच्या एका चंबूत शिरलेली. शेजारच्या चंबूत जवळजवळ एकही नाही. त्या दुसऱ्या चंबूतल्या यीस्टमधून एटीएफ-१ काढून टाकलेलं होतं. पुढे २०१४ मध्ये त्यांच्या गटाने रीतसर दाखवलं की हे जनुक नसलेल्या यीस्टकडे चिलटं कमी वळतात आणि अशा यीस्टच्या पेशी त्यांच्या अंगावरून कमी पसरतात. यीस्टला ना पाय ना पंख. एका फळावरून दुसऱ्यावर जायचं तर कुणाच्या तरी अंगावर बसूनच. केळ्यांच्या घडाभोवती चिलटं घोंगावताना आपण बघतो, तशाच सुगंधावर हा प्रवास चालतो.

लवंगेची गोष्ट निराळी. गहू-बार्लीच्या पेशीभित्तिकेत फेरुलिक आम्ल बांधलेलं असतं. रस करताना तापमान ४४ अंशांच्या आसपास थोडा वेळ थांबवलं तर ते सुटं होतं. पॅड-१ आणि एफडीसी-१ ही दोन जनुकं शाबूत असलेलं यीस्ट त्यातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि ४-व्हायनिल ग्वायाकॉल बनवतं. लवंगेला तिचा वास देणाऱ्या युजेनॉलचा हा जवळचा नातेवाईक. २०१६ मध्ये दीडशेहून अधिक यीस्टवाणांचे जीनोम (सगळी जनुकीय माहिती) वाचले गेले, तेव्हा दिसलं की बिअरच्या बहुतेक वाणांत ही जनुकं मोडलेली आहेत. माणसाला लवंगी वास नको होता, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तो निवडून बाद झाला. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरने तो जपला.

आता या बिअरच्या नावाने जे खपवलं जातं त्याबद्दल. “बिअरने मुतखडा पडतो” हा सल्ला अजून घरोघरी मिळतो. लघवी वाढते ती अल्कोहोलमुळे, आणि त्याने शरीरातलं पाणी उलट कमी होतं. ज्याला खडा आहे त्याने पाणी प्यावं आणि डॉक्टरकडे जावं. “क्राफ्ट आहे, नैसर्गिक आहे, काही होत नाही” हेही तितकंच खोटं. ५ टक्क्यांच्या अर्धा लिटर बिअरमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असतं, बनवणारा कुणीही असो, आणि कर्करोग घडवणाऱ्या निश्चित कारणांच्या यादीत अल्कोहोल आहे. चाखायचंच असेल तर छोटे ग्लास मागवा, घरी रिक्षाने जा.

आणि चाखताना बर्फासारखी गार मागू नका. ४ अंशांवर एस्टर द्रवातच अडकून राहतात. ग्लास ८-१० अंशांपर्यंत येऊ द्या, मग वास घ्या. उशीरही करू नका. न गाळलेल्या बिअरमध्ये यीस्ट असतं, त्याच्यातली एस्टरेझ एन्झाइमं आयसोअमाइल ॲसिटेट हळूहळू पुन्हा फोडतात. केळं ओसरत जातं. आमच्या ब्रुअरीने ती जोडी बाटलीत न भरता टॅपवरच संपवली ती याच कारणाने.