काळी मुसळी

पावसाळ्यात ओलसर कुरणांत आणि विरळ जंगलाच्या कडेने उगवणारी, पिवळ्या फुलांची एक लहान बहुवर्षायू वनस्पती. शास्त्रीय नाव कुर्क्युलिगो ऑर्किऑइडीस. ते जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ योझेफ गेर्टनर यांनी १७८८ मध्ये दिले. कुल हायपॉक्सिडेसी. जुन्या ग्रंथांत मात्र ती अ‍ॅमारिलिडेसी कुलात घातलेली आढळते. भारताखेरीज श्रीलंका, चीन, जपान आणि आग्नेय आशियातही ती रानटी वाढते.

इंदूरच्या दक्षिणेला माळव्याचे पठार संपते आणि विंध्याचे घाट नर्मदेकडे उतरू लागतात. महूपुढचा पाताळपाणी, चोरल, जानापावचा हा टापू काळ्या मुसळीला मानवणारा आहे: पानझडी जंगल, पालापाचोळ्याची माती, थोडी सावली आणि जून ते सप्टेंबर टिकणारी ओल. इंदूरची मराठी मंडळी पावसाळ्यात पाताळपाणीचा धबधबा पाहायला आवर्जून जातात. तिथल्या गवतात हे झाड दिसायचे तर वाकूनच पाहावे लागते. नांगरलेल्या सोयाबीनच्या शेतात ते टिकत नाही. माळव्यात ज्यांना बीड म्हणतात ती राखीव कुरणे आणि डोंगरउतार हेच त्याचे घर.

पाने जमिनीलगतच्या झुबक्यात येतात. ती लांबट, टोकदार आणि उभ्या चुण्यांची असल्यामुळे कोवळे झुडूप खजुराच्या रोपासारखे दिसते. संस्कृतात तिला ‘तालमूली’ म्हणतात. फुलाची रचना खास लक्ष देण्याजोगी आहे. सहा पिवळ्या पाकळ्या आणि सहा पुंकेसर तेवढे मातीच्या वर दिसतात. बीजांडकोश, म्हणजे बिया धरणारा भाग, पानांच्या बुडख्यात, मातीखाली लपलेला असतो आणि देठासारखी भासणारी बारीक नळी फूल वर उचलून धरते. झुबक्यातली खालची फुले द्विलिंगी, तर वरची बहुधा नुसती नर असतात. फळही जमिनीतच पिकते. आत काळ्या, चकचकीत, नागमोडी खाचांच्या मोजक्या बिया असतात.

बियांवाचूनही ही वनस्पती वाढते. पानाचे टोक ओल्या मातीला टेकले की तिथे मुळे फुटून नवे रोप तयार होते. पाऊस संपला की पाने वाळतात, खोड मात्र जमिनीत सरळ खाली गेलेले, बाहेरून काळपट आणि आतून पांढुरके असे पुढच्या पावसाची वाट पाहत राहते.

औषधाला वापरतात ते हेच मूळखोड. आयुर्वेदात ते मधुर व कडू रसाचे, उष्ण, पचायला जड, बल्य (ताकद देणारे), वृष्य (कामशक्ती वाढवणारे) आणि मूळव्याधीवर उपयुक्त मानले आहे. चिनी वैद्यकात त्याला ‘शियान माओ’ म्हणतात. तिथे ते तांदळाच्या धुवणात भिजवून मगच वापरण्याची पद्धत आहे आणि दीर्घकाळ घेऊ नये असा इशाराही दिला जातो. इकडे ‘वनस्पती म्हणजे निर्धोक’ असे मानून पूड सर्रास घेतली जाते. ती घेणाऱ्यांनी हा इशारा जरूर ध्यानात घ्यावा. कुर्क्युलिगोसाइड हा यातील प्रमुख अभ्यासलेला घटक.

हिवाळ्यात डिंकाच्या लाडवांत पडते ती बहुतेक सफेद मुसळी. ती वेगळ्या कुळातली, पांढऱ्या फुलांची वनस्पती; तिच्या क्लोरोफायटम बोरिव्हिलिअ‍ॅनम या नावात मुंबईचे बोरिवली आहे. तिची शेती होते. काळी मुसळी मात्र अजूनही बव्हंशी रानातून खणून आणली जाते, आणि खरे संकट तिथेच आहे. मूळ काढले की अख्खे झाड जाते. पाने दिसतात तोवरच ते सापडते, म्हणून भर पावसाळ्यात, बिया पडण्याआधीच खणले जाते. त्यामुळे अनेक भागांत ते झपाट्याने विरळ झाले आहे.

लागवड अवघड नाही. शेंड्याकडचा, डोळा शाबूत असलेला मूळखोडाचा दीड-दोन सेंटीमीटरचा तुकडा पावसाच्या तोंडावर सावलीत लावला की फुटतो. पाण्याचा निचरा तेवढा चांगला हवा. रानातून काढायचेच असेल तर पाने पिवळी पडल्यावर काढावे आणि हाच डोळ्याचा तुकडा त्याच खड्ड्यात परत पुरावा.