‘स्वभावच तसा’ की मनातच नाही? तारा लावलेल्या पोरांविषयी

“स्वभावच तसा हाय ओ त्याचा, काय करू सांगा की,” निपाणीहून आलेली आई माझ्या दातांच्या दवाखान्यात खुर्चीशेजारी उभी राहून म्हणते. पोरगा चौदा वर्षांचा. दातांच्या तारांना अडकवायला गेल्या महिन्यात दिलेल्या बारीक रबरांच्या पाकिटातली मोजून चार कमी. रोज दोन लागतात, म्हणजे दोन दिवस लावली आणि सोडली.

दातांच्या तारांच्या बाबतीत स्वभाव आणि मनातून हवं असणं यांची घरोघरी गल्लत होते, आणि मग औषध भलत्याच दुखण्यावर दिलं जातं.

स्वभाव म्हणजे हातात घेतलेलं काम मूल कसं करतं. वह्यांना कव्हरं घालणारी पोरगी ब्रशही नीट करते. दीड-दोन वर्षांच्या उपचारात त्याची मदत होतेच. पण मुळात कुठलं काम हातात घ्यायचं, ते स्वभाव ठरवत नाही. याच ‘वेंधळ्या’ पोराची क्रिकेटची बॅट बघा: तेल पाजलेली, मुठीवर नवी ग्रिप.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८५च्या पुस्तकात प्रेरणेचे थर मांडले. धाकानं किंवा बक्षिसासाठी करणं एका टोकाला, स्वतःला पटलं म्हणून करणं बरंच पुढं. आमच्या कामात हा फरक फार नडतो, कारण रबरं सहसा दिवसाला २० ते २२ तास लागतात, जेवताना काढून पुन्हा लावायची असतात. आईचा धाक शाळेच्या फाटकापर्यंतच. काढ-घाल करायच्या प्लेटमध्ये आता तापमान टिपणारी चिप बसवता येते. तिच्यात दिसणारे तास मुलांनी सांगितलेल्या तासांपेक्षा सहसा कमीच भरतात.

तुटलेला ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरणारा तुकडा) मात्र धांदरट पोराचा असो की मनातून नको असलेल्याचा, सारखाच दिसतो. गोकाकचा करदंट, म्हणजे डिंक-सुक्यामेव्याची चिवट मिठाई, चावला, चिकोडीकडच्या मामाच्या शेतात ऊस सोलला, की निघालाच. (बेळगावचा कुंदा मऊ, त्यानं काही तुटत नाही, पण साखर आहे, ब्रश करा.) मी बघते ते पोर कधी आलं. खानापूरचा एक धांदरट मुलगा दुसऱ्याच दिवशी एकटा बसनं येतो, निघालेला ब्रॅकेट कागदाच्या पुडीत घेऊन. त्याला दात सरळ हवेत, फक्त भान राहत नाही. त्याला कंपासपेटीत जादा पाकीट आणि मोबाइलवर अलार्म पुरतो. दुसरी एक मुलगी शहाणी, कुणाच्या शब्दाबाहेर न जाणारी, पण सांगितलं म्हणून करणारी. तिची मला जास्त काळजी वाटते. तारा निघाल्यावर रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारं साधन) लावायला सांगणारं कुणी उरत नाही, आणि दात मागं सरकू लागतात.

निपाणीच्या आईला मी बाहेर बसवलं.

“चार रबरं लावलीस. मग काय झालं?”

बराच वेळ बुटाकडं बघत होता. “कन्नडच्या तासाला मोठ्यानं वाचायला उठवतात. रबर सुटून पुढच्या बाकावर उडालं. सगळी हसली.”

आळस नव्हे, आणि सरळ दात नको होते असंही नाही.

“तेवढा तास काढून ठेव. बाकी लावशील?”

“लावतो की.”