काकांची तीच ती गोष्ट आणि मेंदूतलं ओलं सिमेंट

सुट्ट्या लागल्या, सगळे एकत्र जमायचं ठरलं की फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड हटकून येतो. पैसा येतो जातो, माणसं निघून जातात, आठवणी मात्र कायम तशाच राहतात, तेव्हा फोन बाजूला ठेवा आणि आठवणी जमवा, आयुष्यात तेच महत्त्वाचं. खाली सूर्यास्ताचा फोटो. फोन बाजूला ठेवायला माझी काहीच हरकत नाही, माझं भांडण आहे ते "कायम तशाच" या दोन शब्दांशी.

आणि हा गैरसमज फक्त फॉरवर्ड पाठवणाऱ्यांचा नाही बरं का. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत साधारण १५०० लोकांना फोन करून विचारलेलं, २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ६३ टक्के लोक म्हणाले की स्मृती व्हिडिओ कॅमेऱ्यासारखी काम करते, आणि जवळपास निम्मे म्हणाले की आठवण एकदा तयार झाली की ती बदलत नाही. स्मृतीवर काम करणाऱ्या संशोधकांना हेच विचारलं तर जवळजवळ कोणीच हो म्हणत नाही.

आता जेवणं झाल्यावरचा तो सीन डोळ्यासमोर आणा. काका रंगात आलेत, आपण लहानपणी पाण्यात कसे पडलो ते तिखटमीठ लावून सांगतायत, पोरं हसतायत, आणि तेवढ्यात आत्या म्हणते, "दादा, तू नाही, मी पडले होते, तू काठावर उभा राहून ओरडत होतास." काका म्हणतात, "गप गं, माझ्या नाकात पाणी गेलेलं मला अजून आठवतंय." दोघंही खोटं बोलत नाहीयेत, दोघांनाही खरंच आठवतंय, आणि पडलं होतं एकच माणूस.

यावर चक्क संशोधन झालंय. मर्सिडीज शीन, सायमन केम्प आणि डेव्हिड रुबिन यांनी २००१ मध्ये जुळ्या भावंडांवरचा एक पेपर छापला. एकाच लिंगाच्या प्रौढ जुळ्यांच्या २० जोड्या घेतल्या, ४५ शब्द दिले आणि प्रत्येक शब्दावरून एकेक आठवण सांगायला लावली. बहुतेक जोड्यांमध्ये निदान एक तरी आठवण अशी निघाली की दोघंही म्हणतायत ते माझ्या बाबतीत घडलेलं. मग दुसऱ्या २० जोड्यांना सरळच विचारलं की तुमच्यात अशा वादातल्या आठवणी आहेत का, तर १४ जोड्यांनी मिळून ३६ काढून दिल्या, त्यातल्या काहींवरून वाद आहे हे त्यांना त्या खोलीत बसल्यावरच पहिल्यांदा कळलं. साध्या भावाभावांत, बहिणीबहिणींत आणि मित्रांतही हे दिसलं, फक्त प्रमाण कमी. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे या वादग्रस्त आठवणी बिनवादाच्या आठवणींपेक्षा बरेचदा जास्त ठसठशीत होत्या. म्हणजे नाकात गेलेलं पाणी आठवतंय हा पुरावा होऊच शकत नाही.

हे होतं कसं, तर इथून पुढे थोडं धीराने घ्या, कारण हा माझा लाडका विषय आहे.

नवी आठवण बनते तेव्हा न्यूरॉन्समधले, म्हणजे मेंदूतल्या पेशींमधले, सांधे (सिनॅप्स) बदलतात. पलीकडच्या पेशीतून ग्लुटामेट नावाचं रसायन सुटतं, अलीकडच्या पेशीवर ते ओळखणारे रिसेप्टर असतात. त्यातले आम्पा जातीचे लगेच उघडतात, एनएमडीए जातीचे मात्र हट्टी, त्यांच्या वाटेत मॅग्नेशियमचा आयन अडकून बसलेला असतो आणि पेशी आधीच पुरेशी उत्तेजित असेल तरच तो हटतो. तो हटला की कॅल्शियम आत शिरतं, आणि मग त्या सांध्यावर जादा आम्पा रिसेप्टर बसवले जातात, पुढच्या वेळी तोच संदेश जास्त जोरात पोचतो. पण हे सगळं काही तासांपुरतं. टिकाऊ करायचं तर निरोप पार केंद्रकापर्यंत जावा लागतो, तिथे क्रेब नावाचं प्रोटीन काही जीन चालू करतं, नवी प्रोटीन बनतात आणि सांध्याची रचनाच बदलते. या सगळ्याला कन्सॉलिडेशन म्हणतात. ओलं सिमेंट घट्ट होतं तसं समजा. आणि कित्येक दशकं सगळे असंच धरून चालले होते की एकदा घट्ट झालं की झालं, विषय संपला.

तसं १९६८ मध्येच उंदरांवरच्या एका प्रयोगात दिसलं होतं की जुनी भीतीची आठवण जागी करून लगेच मेंदूला विजेचा झटका दिला तर ती आठवण कमजोर होते. पण कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मग २००० साली न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत जोसेफ लडू यांच्या प्रयोगशाळेत करीम नादर आणि ग्लेन शाफ यांनी तोच प्रश्न नीट, काटेकोरपणे विचारला. उंदरांना (मोठे उंदीर, रॅट) एक आवाज ऐकवून पायाला हलका शॉक दिला. दुसऱ्या दिवसापासून नुसता आवाज आला तरी उंदीर जागच्या जागी थिजायला लागले. म्हणजे आठवण पक्की झाली, सिमेंट घट्ट. आता त्यांना तो आवाज फक्त एकदा ऐकवला, आणि लगेच मेंदूच्या अमिग्डाला या भागात अ‍ॅनिसोमायसिन टोचलं, जे नवी प्रोटीन बनूच देत नाही. पुढच्या दिवशी आवाज आला, उंदीर फारसे घाबरलेच नाहीत.

गंमत कुठे आहे बघा. आवाज न ऐकवता तेच औषध टोचलं तर आठवणीला धक्काही लागला नाही. आवाज ऐकवून सहा तासांनी टोचलं तरीही काही झालं नाही. १४ दिवस जुन्या आठवणीवर करून बघितलं तर तीसुद्धा गेली. याचा अर्थ आठवण जागी केली की सिमेंट पुन्हा ओलं होतं, काही तास तसंच राहतं, आणि ते परत घट्ट करायला पुन्हा नवी प्रोटीन लागतात. याला रिकन्सॉलिडेशन म्हणतात.

आणि ओलं होणं हे आपोआप सैल पडणं नाहीये, पेशी स्वतःहून तोडफोड करते. २००८ मध्ये एका कोरियन गटाने दाखवलं की आठवण जागी झाल्यावर हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या आठवणींशी संबंधित भागातल्या सिनॅप्सवरची काही जुनी प्रोटीन प्रोटिअसोम नावाची यंत्रणा मोडून काढते. ही मोडतोड औषधाने थांबवली आणि मग अ‍ॅनिसोमायसिन दिलं तर आठवण शाबूत! म्हणजे आधी पाडकाम, मग बांधकाम, आणि पाडकामच झालं नाही तर बांधकाम बंद पाडून काही फरक पडत नाही. इतका सुंदर तर्क असलेला प्रयोग वाचला की माझा तरी दिवस चांगला जातो.

मग प्रश्न येतो की प्रत्येक वेळी आठवलं की हे होतं का. तर नाही. ब्युनोस आयर्समध्ये खेकड्यांवर प्रयोग झाले, त्यांना डोक्यावरून जाणारी सावली हा धोका म्हणून शिकवलेला होता. नुसती नेहमीची पुनरावृत्ती झाली तर आठवण ओली होत नाही, अपेक्षा एक आणि घडलं भलतंच असं झालं तरच होते. माणसांवरच्या प्रयोगांतही तसंच दिसलंय. मेंदूचं म्हणणं साधं आहे, सगळं अंदाजाप्रमाणे चाललंय तर फाइल कशाला उघडू, चुकलं असेल तर मात्र दुरुस्ती करायला हवी. आता परत आत्याकडे या. काका ती गोष्ट शंभरदा सांगतात तेव्हा बहुधा काही बदलत नाही, पण "तू नाही, मी पडले होते" हा खडा पडला की अंदाज चुकतो. माझा अंदाज असा की खरी फेरफार त्याच क्षणी होते, आणि ती काकांच्या डोक्यात होते तशी आत्याच्याही. अर्थात उंदराच्या भीतीवरून काकांच्या किश्श्यावर उडी मारणं म्हणजे फार लांबची उडी आहे हे मान्य. माणसांवरचे रिकन्सॉलिडेशनचे प्रयोग दुसऱ्या गटांनी करून बघितले तेव्हा काही जमले, काही नाही जमले.

पण एकत्र बसल्यावर आठवण बदलते याला वेगळा, जास्त थेट पुरावा आहे. २०११ मध्ये मायका एडल्सन, ताली शारोट, रेमंड डोलन आणि यादिन दुदाई यांनी पाचपाच जणांच्या गटांना एक माहितीपट दाखवला. काही दिवसांनी प्रत्येकाला एकेकटं बसवून प्रश्न विचारले. नंतर मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना तेच प्रश्न, पण आता स्क्रीनवर "गटातल्या इतरांची उत्तरं" दिसत होती, जी मुद्दाम चुकीची टाकलेली होती. आधी बरोबर उत्तर दिलेल्या लोकांनी जवळपास ७० टक्के वेळा इतरांची री ओढली. इथपर्यंत ठीक आहे, लोकलाजेखातर माणूस मान डोलावतोच. पण नंतर त्यांना सांगितलं की ती उत्तरं खरी नव्हती, तुम्हाला जे आठवतंय तेच सांगा. तरीही त्या चुकांपैकी साधारण ४० टक्के तशाच राहिल्या, तिथे आठवणच बदलली होती. आणि ज्या वेळी आठवण खरोखर बदलली त्या वेळी स्कॅनमध्ये अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पस एकदम जोडीने काम करताना दिसले होते, नुसती मान डोलावलेल्या वेळी तसं नव्हतं.

इथे एक सांगायलाच हवं. संमोहन करून मागच्या जन्मीच्या आठवणी काढून देणारे लोक असतात, आणि समोरच्याला खरंच अंगावर काटा येतो, डोळ्यात पाणी येतं, मग तो म्हणतो एवढं स्पष्ट दिसलं ते खोटं कसं असेल. त्याला जुळ्यांचा पेपर वाचायला द्या. स्पष्ट दिसणं आणि घडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सूचना देणारा माणूस शेजारी बसलेला असेल तर फारच वेगळ्या. "नकारात्मक आठवणी कायमच्या डिलीट करा" छाप वर्कशॉपवाले हल्ली रिकन्सॉलिडेशन हा शब्द वापरायला लागलेत, त्यांनाही फी भरायच्या आधी विचारा की उंदराच्या अमिग्डालात जी सुई घातली होती ती तुम्ही कुठे घालणार.

आता आयुष्यात महत्त्वाचं काय या प्रश्नाकडे येऊ, कारण माझ्या मते खरी मेख तिथे आहे. सगळे जमले की हा विषय निघतोच, आणि उत्तर आपण कशावरून देतो, तर जे आठवतंय त्यावरून. आणि काय आठवावं हे बऱ्यापैकी त्याच बैठकीत ठरतं.

१९९४ मध्ये मायकेल अँडरसन, रॉबर्ट बियॉर्क आणि एलिझाबेथ बियॉर्क यांनी एक प्रकार दाखवला. लोकांना शब्दांच्या जोड्या पाठ करायला दिल्या, फळ–संत्रं, फळ–केळं अशा, आणि दुसऱ्या प्रकारच्या वस्तूंच्याही. मग फक्त काही फळांची उजळणी करून घेतली. उजळणी केलेली फळं चांगली आठवली, त्यात नवल नाही. पण उजळणी न केलेली फळं ज्या वस्तूंना अजिबातच हात लावला नव्हता त्यांच्यापेक्षाही कमी आठवली. एक ओढून काढताना मेंदू त्याच्या शेजारची दाबतो. २००७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या अलेक्झांड्रू कुक, जोनाथन कोपेल आणि विल्यम हर्स्ट यांनी दाखवलं की हे ऐकणाऱ्याच्या डोक्यातही होतं! बोलणारा अर्धंच सांगतो, ऐकणारा मनातल्या मनात त्याच्याबरोबर आठवत जातो, आणि बोलणाऱ्याने जे गाळलं ते ऐकणाऱ्याकडूनही विसरलं जातं. मुद्दा असा की विषयाला स्पर्शच झाला नाही तर एवढं नुकसान होत नाही, त्याच विषयावर बोलून अर्धं गाळलं तर होतं.

हे घरात लावून बघा. ज्याचा आवाज मोठा, जो गोष्टीवेल्हाळ, त्याची निवड म्हणजे हळूहळू सगळ्या घराची आठवण. पाण्यात पडलेलं राहतं, आणि त्या रात्री ओले कपडे बदलून कोण उशाशी जागत बसलं होतं ते जातं, कारण ते माणूस मूग गिळून बसणारं किंवा किस्से रंगत असताना आत भांडी आवरणारं. मग वर्षाच्या शेवटी आपण म्हणतो आपल्या घरात महत्त्वाचं काय, तर धमाल, हसणं, एकत्र असणं. हर्स्ट यांचं म्हणणं असंही आहे की सगळ्यांनी सारखंच विसरण्यातूनच गटाचा सामाईक भूतकाळ तयार होतो, त्याशिवाय आपण एक घर आहोत असं वाटायचं नाही. ते बरोबर असेल, पण किंमत कोण मोजतं हेही बघायला नको का.

एमरी विद्यापीठातले मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांची २० प्रश्नांची यादी याच संदर्भात फिरत असते, आईबाबा कुठे भेटले, आजीआजोबा कुठे वाढले वगैरे, जी मुलं जास्त उत्तरं देऊ शकली त्यांचा आत्मविश्वास जास्त होता. लगेच लोकांनी त्याचं टॉनिक केलं, रोज रात्री पोरांना वंशावळ सांगा. अहो, ज्या घरात एवढ्या गप्पा होतात त्या घरात बाकीही बरंच काही ठीक असतं, यादी पाठ करून ते येत नाही.

खरंच काही जपायचं असेल तर एक साधी गोष्ट करता येते, सगळ्यांना एकत्र बसवण्याआधी एकेकट्याला विचारायचं, आणि सगळ्यात गप्प माणसाला आधी. साक्षीदारांना वेगवेगळं बसवून जबाब घेतात ते याच कारणासाठी. मेरी वेल्डन आणि क्रिस्टल बेलिंगर यांनी १९९७ मध्ये मोजून दाखवलं की एकत्र बसून आठवणाऱ्या गटापेक्षा तेवढ्याच लोकांनी वेगवेगळं आठवून केलेली बेरीज जास्त भरते. कारण आपला आठवण्याचा एक क्रम असतो आणि दुसरा मध्येच बोलला की तो तुटतो.

याला अपवाद सापडला तो म्हाताऱ्या जोडप्यांत. सेलिया हॅरिस आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात वर्षानुवर्षं संसार केलेल्या जोडप्यांना एकेकटं आणि मग दोघांना मिळून आठवायला लावलं. काही जोडप्यांना एकत्र बसून जास्त आठवलं. एकाने अर्धवट काहीतरी म्हणायचं, दुसऱ्याने त्यावरून एक तुकडा द्यायचा, असं करत दोघांपैकी एकालाही एकट्याने सापडलं नसतं ते नाव निघायचं. ही जोडपी "मी"पेक्षा "आम्ही" जास्त म्हणायची आणि एकमेकांनी सांगितलेलं पुन्हा उच्चारायची. एकमेकांच्या चुका काढत बसलेल्यांचं मात्र एकत्र बसून नुकसानच झालं.