खोकला घशात, कारण भलतीकडेच

माझ्या बाबांना चार महिने खोकला होता. कोरडा, कफबिफ काही नाही, घशात केस अडकल्यासारखी खवखव आणि एकदा उबळ आली की डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबायची नाही, रात्री तर आई त्यांच्यासोबत उठून बसायची. खिडकीत सिरपच्या बाटल्यांची रांग, अडुळसा झाला, ज्येष्ठमधाचा तुकडा कायम गालात. एक्सरे क्लियर, बेडका तपासला तर निगेटिव्ह, अँटीबायोटिकचे दोन कोर्स झाले. शेवटी एका डॉक्टरांनी घसा बघायच्या आधीच विचारलं, "काका, बीपीची कुठली गोळी घेता?" एनालाप्रिल. खोकला सुरू व्हायच्या महिनाभर आधी चालू झालेली. त्यांनी गोळी बदलून दिली आणि तीन आठवड्यांत खोकला गेला.

तेव्हापासून मी हे भेटेल त्याला सांगतो. ज्या गोळीच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं, एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, त्या गोळ्या शरीरातलं एक एन्झाइम अडवतात, त्यामुळे रक्तवाहिन्या सैल होतात आणि प्रेशर उतरतं. पण तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचा एक पदार्थ तोडायचं कामही करत असतं, ते अडवलं की हा पदार्थ साठत जातो आणि श्वासनळीतल्या नसा इतक्या हळव्या होतात की साध्या गार हवेनेही उबळ येते. साधारण दहातल्या एकाला हा त्रास होतो, बायकांना जास्त. कधी आठवड्यात सुरू होतो कधी काही महिन्यांनी, म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही. फक्त गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, बीपी वाढलं तर ते खोकल्यापेक्षा कितीतरी वाईट, डॉक्टरांकडे दुसऱ्या गटातली गोळी असते.

खोकला म्हणजे नेमकं होतं काय तर श्वासनळीच्या आतल्या अस्तरात नसांची टोकं असतात, धूळ, धूर, कफ, काहीही टोचलं की ती व्हेगस नावाच्या नसेतून मेंदूच्या तळाशी निरोप पाठवतात. लगेच आपण खोल श्वास घेतो, स्वरयंत्र क्षणभर गच्च बंद होतं, पोटाचे आणि छातीचे स्नायू आवळले जातात, आत दाब वाढतो आणि मग झडप उघडून हवा धाडकन बाहेर. पाणी ठसक्यात गेलं की हीच यंत्रणा आपला जीव वाचवते.

आता गंमत अशी की ही व्हेगस नस फक्त घशापुरती नाहीये. तिची एक बारीक फांदी कानात जाते, म्हणून काही जणांना कानात बड घातला की चक्क खोकला येतो, आणि कानात मळाचा खडा झाला म्हणून महिनोन् महिने खोकणारी माणसंही क्वचित सापडतात. तीच नस अन्ननलिकेत आणि जठरातही जाते, त्यामुळे ॲसिड वर आलं तरी खोकला येतो, आणि प्रत्येकाला छातीत जळजळ होतेच असं नाही, नुसता खोकलाच असतो. नाकातला शेंबूड मागच्या मागे घशात उतरत असतो त्याने येतो. दम्यातही कधी कधी धाप नाही, शिट्टीसारखा आवाज नाही, फक्त पहाटेचा खोकला. या सगळ्यांवर एकच सिरप कसं चालेल?

सर्दी-तापानंतरच्या खोकल्याचं मात्र वेगळं आहे, तिथे धीरच धरावा लागतो. आपल्याला वाटतं आठवड्यात जायला हवा, पण छातीत उतरलेल्या सर्दीचा खोकला सरासरी १८ दिवस चालतो. व्हायरस गेलेला असतो पण अस्तर सोललेलं असतं, ते भरून यायला वेळ लागतो. सातव्या दिवशी घाबरून अँटीबायोटिक घेण्यात काही अर्थ नाही, व्हायरसवर ते चालतच नाही.

तोवर आराम कशाने पडतो? मधाने, खरंच. झोपायच्या आधी चमचाभर मध घेतला की घशावर लेप बसतो आणि रात्रीचा खोकला थोडा कमी होतो, हे मुलांवर अभ्यास करून पाहिलंय. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात चाटवायचा नाही, घरातल्या मोठ्यांनी कितीही आग्रह केला तरी, त्यातून बोट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. कोमट पाणी घोटघोट, उशीला अजून एक उशी, घरात अगरबत्ती आणि मच्छर कॉइल बंद. अडुळसा निव्वळ आजीचा समज आहे असंही नाही, त्यातल्या व्हॅसिसिनवरूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं, आजही ते सिरपमध्ये असतं. लहान मुलांना वाफ देताना गरम पातेल्यासमोर बसवू नका, पातेलं कलंडून भाजतात.

आणि मुलांना दुकानातून सिरप आणून पाजू नका, हे मी कळकळीने सांगतोय. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या सिरपने कितीतरी लहान मुलांच्या किडन्या निकामी झाल्या, त्यातल्या अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणलं होतं, वीसहून जास्त गेली. साध्या खोकल्यासाठी. दोन वर्षांखालच्या मुलांना असली सिरपं द्यायचीच नाहीत आणि पाचपर्यंतही शक्यतो नाही, असं सरकारनेही तेव्हा कळवलं.

मग कोणी म्हणेल, १८ दिवस चालणारच असेल तर दोन आठवड्यांनी टीबीची टेस्ट करा असं का सांगतात? कारण आपल्याकडे टीबी इतका आहे की वाट बघणं महागात पडतं, तुम्हालाही आणि शेजारी झोपणाऱ्यालाही. टेस्ट सरकारी दवाखान्यात फुकट होते. रक्त पडत असेल, धाप लागत असेल, वजन उतरत असेल किंवा संध्याकाळी ताप चढत असेल तर दोन आठवडेही थांबू नका. डबी मिळते, त्यात सकाळी उठल्या उठल्या चूळ भरून, दोन-तीन खोल श्वास घेऊन छातीतून खाकरून काढलेला बेडका द्यायचा, तोंडातली थुंकी नाही. बाबांनी पहिल्यांदा थुंकीच दिली होती, लॅबवाल्या ताईंनी डबी परत केली आणि बाहेर मोकळ्या हवेत नेऊन त्यांना नीट खोकायला शिकवलं.